झळाळीकडून पुराव्याकडे : मूळ स्थितीतील अमेरिकन मोटारीच्या पारखीचा इतिहास

अमेरिकेत विक्रीस निघालेली पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मोटारगाडी पारखणे ही आज एक स्वतंत्र विद्या झाली असून, जिचा रंग, आसने, इंजिन आणि पत्रा कारखान्यातून बाहेर पडल्यापासून फारसे बदललेले नाहीत अशा गाडीची पारख त्या विद्येत सर्वांत अवघड समजली जाते. प्रस्तुत लेखात अशा गाडीला ‘मूळ स्थितीतील गाडी’ म्हटले आहे, तर जिचे भाग सुटे करून, पत्रा ठाकठीक करून, नवा रंग चढवून आणि आसनांचे कापड बदलून जिला पुन्हा नवे रूप दिले गेले आहे तिला ‘जीर्णोद्धार केलेली गाडी’ असे संबोधले आहे. या दोहोंपैकी अधिक मोलाची कोणती, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत पुरते पालटले आहे; एके काळी भंगाराच्या भावाने जाणारी फिकट, खरचटलेली गाडी आज कित्येकदा शेजारच्या झगमगीत गाडीपेक्षा अधिक किंमत मिळवते. जुनी वस्तू हा पुरावा असतो आणि पुरावा एकदा पुसला गेला की तो पुन्हा निर्माण करता येत नाही, ही इतिहासाच्या अभ्यासकांच्या परिचयाची जाणीव मोटारींच्या बाजारात उशिरा आणि बरेच नुकसान होऊन गेल्यावर रुजली. आज संगणकाच्या पडद्यावरील छायाचित्रांवरून दूरच्या गाडीचे मोल ठरवणारा ग्राहक जी साधने वापरतो, ती बहुतांशी याच जाणिवेतून घडलेली आहेत.

जुन्या मोटारी जपण्याची हौस अमेरिकेत संघटित झाली ती १९३० च्या दशकात. १९३५ मध्ये फिलाडेल्फियात ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ आणि १९३७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘हॉर्सलेस कॅरेज क्लब ऑफ अमेरिका’ या संस्था स्थापन झाल्या, तेव्हा त्यांच्या सभासदांचे लक्ष पहिल्या महायुद्धापूर्वीच्या, पितळी दिव्यांच्या गाड्यांवर होते आणि त्या गाड्या रस्त्यावर चालाव्यात एवढीच त्यांची मुख्य अपेक्षा होती. दुसऱ्या महायुद्धाने या हौसेला मोठा धक्का दिला, कारण फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी वापराच्या मोटारींचे उत्पादन थांबले आणि युद्धसामग्रीसाठी पोलाद, पितळ व रबर गोळा करण्याच्या मोहिमांत असंख्य जुन्या गाड्या वितळवल्या गेल्या. जे उरले त्यातही अनेक गाड्यांचे शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर किंवा मालवाहू गाडे करून घेतलेले होते आणि कित्येकींवर घरगुती ब्रशने रंग फासलेला होता. त्यामुळे युद्धोत्तर काळात गाडी मिळवणे म्हणजे ती संपूर्ण उलगडून पुन्हा जुळवणे, असेच समीकरण झाले आणि जीर्णोद्धार हाच या छंदाचा गाभा ठरला.

या प्रवृत्तीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती सौंदर्यस्पर्धांनी. कॅलिफोर्नियात १९५० मध्ये सुरू झालेल्या पेबल बीच येथील स्पर्धेत पहिली काही वर्षे सर्वोच्च पारितोषिक नव्या गाड्यांनाच मिळत असे. परंतु १९५५ मध्ये पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेल्या फिल हिल याने आपल्या मावशीच्या मालकीची १९३१ ची पिअर्स-ॲरो ही गाडी जीर्णोद्धार करून तेथे आणली आणि तिने ते पारितोषिक जिंकले. तेव्हापासून जुन्या गाडीला नवे रूप देणे हे कौशल्याचे शिखर मानले जाऊ लागले. अशा स्पर्धांतील गुणदानाची रूढ पद्धत अशी की, परीक्षक शंभर गुणांपासून आरंभ करतात आणि दिसेल त्या प्रत्येक दोषासाठी गुण वजा करत जातात. वयाची प्रत्येक खूण या पद्धतीत दोष ठरत असल्याने रंगातील भेग, चामड्यावरची सुरकुती, क्रोमवरचा डाग हे सर्व काढून टाकणे भाग पडू लागले. परिणाम असा झाला की, गाड्या कारखान्यातून निघाल्या त्याहूनही अधिक गुळगुळीत होऊ लागल्या आणि कामगारांनी खडूने केलेल्या खुणा, तपासनिसांचे रंगाचे ठिपके, मूळ शिवणीची पद्धत अशा ज्या गोष्टींवरून गाडी कशी बांधली गेली हे कळू शकले असते त्या घासून, धुऊन नाहीशा झाल्या. जुन्या देवळाच्या कोरीव खांबांवर श्रद्धेने ऑइलपेंट चढवला जातो आणि त्याखाली शिलालेखाची अक्षरे बुजून जातात, तसाच हा प्रकार होता.

याच काळात जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीची साधनेही तयार होत गेली. इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथून १९५४ मध्ये ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ हे छोट्या जाहिरातींचे नियतकालिक सुरू झाले, जे पुढे व्हर्मांटमधील बेनिंग्टन येथे हलले; १९५५ पासून पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे शरद ऋतूत भरणारा मेळावा सुट्या भागांच्या आणि गाड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध झाला; आणि १९७१ मध्ये इंडियानातील ऑबर्न तसेच ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे पुढे वार्षिक ठरलेले मोठे लिलाव सुरू झाले. चार-पाच ओळींच्या जाहिरातीवरून गाडीची कल्पना यावी म्हणून स्थितीच्या श्रेणी ठरवण्यात आल्या, ज्यांपैकी विस्कॉन्सिनमधील आयोला येथील क्राउझ प्रकाशनाच्या किंमतपुस्तकांनी रूढ केलेली एक ते सहा ही श्रेणी सर्वांत परिचित होती. तीत पहिली श्रेणी निर्दोष गाडीची, तर सहावी केवळ सुटे भाग काढून घेण्याजोग्या गाडीची असे. या शिडीची अडचण अशी होती की तिला एकच दिशा होती. गाडी नव्याच्या जितकी जवळ तितकी वरची, असा तिचा हिशेब असल्यामुळे कारखान्याचाच रंग अंगावर बाळगणारी पण तो फिकट झालेली गाडी आपोआप तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर उतरे, मग तिच्यातील पुराव्याचे मोल कितीही असो.

पुराव्याची गरज प्रथम भासली ती फसवणुकीमुळे. १९६० च्या दशकात अमेरिकन कारखान्यांनी मध्यम आकाराच्या साध्या गाड्यांत मोठी इंजिने बसवून वेगवान गाड्या विकण्यास सुरुवात केली, ज्यांना पुढे ‘मसल कार’ हे नाव पडले. साधी गाडी आणि तिची ही बलिष्ठ आवृत्ती यांचा पत्रा जवळजवळ सारखाच असल्याने, जेव्हा बलिष्ठ आवृत्तीच्या किमती अनेक पटींनी वाढल्या तेव्हा साध्या गाडीवर चिन्हे आणि इंजिन चढवून तिला मौल्यवान भासवणे सोपे झाले. पाँटिॲकची १९६४ आणि १९६५ ची जीटीओ याचे उत्तम उदाहरण आहे, कारण त्या दोन वर्षांत जीटीओ ही स्वतंत्र गाडी नसून लेमान्स या गाडीवर ग्राहकाने पैसे देऊन मागवण्याची जोड होती आणि त्यामुळे गाडीच्या ओळख क्रमांकात तिचा कोणताही उल्लेख नसे. अशा प्रसंगी नजरेची पारख अपुरी पडते आणि कागदपत्रांकडे वळावे लागते. त्याच सुमारास शेवरोलेच्या कॉर्व्हेट या गाडीच्या चाहत्यांनी, विशेषतः १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी’ने, प्रत्येक वर्षीच्या गाडीवर कारखान्याने कोणता स्क्रू, कोणती नळी, कोणता शिक्का वापरला होता याचे तपशील गोळा केले आणि त्यासाठी त्यांना न उलगडलेल्या गाड्यांचाच आधार घ्यावा लागला. जीर्णोद्धार अचूक करायचा तर नमुन्यादाखल मूळ गाडी हवी, आणि तीच तर जीर्णोद्धारापायी संपत चालली आहे, हा विरोध या अभ्यासातूनच स्पष्ट झाला.

या अभ्यासाचा पहिला आधार म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. १९८१ च्या मॉडेल-वर्षापासून अमेरिकेत तो सर्वत्र सतरा अक्षर-अंकांचा झाला; त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याची पद्धत वेगळी होती आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक राज्यांत नोंदणीसाठी इंजिनाचाच क्रमांक धरला जात असल्याने, इंजिन बदललेल्या जुन्या गाडीचे कागद आणि गाडी यांचा मेळ बसत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा क्रमांक समोरच्या काचेतून बाहेरून वाचता येईल अशा रीतीने बसवणे सक्तीचे झाले आणि जनरल मोटर्सने १९६८ पासून त्याचा काही भाग इंजिनावर व गिअरबॉक्सवरही ठोकण्याची पद्धत अवलंबली. गाडीवरील क्रमांक आणि इंजिनावरील हा अंश जुळत असेल तर तिला ‘मॅचिंग नंबर्स’ची, म्हणजे क्रमांक जुळणारी गाडी म्हणतात आणि तिची किंमत लक्षणीय वाढते. या वाढीव किमतीच्या लोभाने इंजिनावरचा मूळ ठसा घासून नवा ठोकण्याचे प्रकार घडले आहेत; म्हणून जाणकार केवळ आकडे जुळतात की नाही यावर न थांबता, ठशाभोवतालच्या लोखंडावर कारखान्यातील यंत्राने पाडलेले बारीक समांतर ओरखडे शाबूत आहेत काय, हेही पाहतात.

ओळख क्रमांक किती बोलका असू शकतो याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली गर्द हिरवी फोर्ड मस्टँग. तिचा क्रमांक ८आर०२एस१२५५५९ असा आहे. त्यातील ८ हा आकडा १९६८ हे वर्ष दाखवतो, ‘आर’ हे अक्षर कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील कारखाना, ०२ हे मागे उतरत्या छपराचा आकार, ‘एस’ हे ३९० घनइंची इंजिन आणि अखेरचे सहा आकडे त्या कारखान्यातील अनुक्रम सांगतात. चित्रीकरणानंतर ही गाडी खासगी मालकांकडे गेली, १९७४ मध्ये नियतकालिकातील एका जाहिरातीवरून विकली गेली, एका कुटुंबाने ती रोजच्या वापरात ठेवली आणि नंतर ती दशकानुदशके बंद राहिली. २०१८ मध्ये ती लोकांसमोर आली तेव्हा तिचा रंग उडालेला होता व पत्र्यावर गंज होता. परंतु कॅमेरे बसवण्यासाठी खाली जोडलेले तुकडे आणि चित्रीकरणासाठी केलेले फेरफार तसेच टिकून होते आणि कारखान्याच्या नोंदींशी तिचा क्रमांक जुळत होता. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात तिच्यावर ३४ लाख डॉलरची अखेरची बोली लागली आणि लिलावाच्या शुल्कासह ती ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. जीर्णोद्धार झाला असता तर ते जोडलेले तुकडे काढले गेले असते, भोके बुजवली गेली असती आणि ती इतर हजारो हिरव्या मस्टँगांसारखीच एक झाली असती.

क्रमांकापाठोपाठ येतात त्या कारखान्याच्या पट्ट्या आणि कागद. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर इंजिनाच्या मागील भिंतीवर फिशर या बॉडी बनवणाऱ्या विभागाची धातूची पट्टी असते, जिच्यावर रंगाचा, आसनांच्या कापडाचा आणि बांधणीच्या आठवड्याचा संकेत कोरलेला असतो. फोर्डने अशीच माहितीपट्टी चालकाच्या दाराशी लावली. तर क्रायस्लरने मडगार्डच्या आतील बाजूस लावलेल्या पट्टीवर गाडीसोबत मागवलेल्या सोयींचे संकेत दिले आणि बांधणीच्या सूचनांचा छापील कागद कित्येकदा आसनाच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर तसाच राहून गेला. पॅकार्डच्या पट्टीवर तर गाडी विकणाऱ्या वितरकाचे नाव आणि ती ग्राहकाला दिल्याची तारीखही आढळते. कारखान्यांच्या दप्तरांचे नशीब मात्र सारखे नव्हते. स्टुडबेकर कंपनीच्या गाड्यांचे बांधणी-आदेश इंडियानातील साउथ बेंडच्या संग्रहालयात जपलेले आहेत, पाँटिॲकची मूळ बिले आणि फोर्डच्या १९६७ पासूनच्या बांधणी-नोंदी शुल्क भरून मिळू शकतात, परंतु त्या काळातील शेवरोलेच्या गाड्यांची अशी वैयक्तिक नोंद सहसा मिळत नाही. म्हणूनच शेवरोलेच्या बाबतीत गाडीवरील प्रत्येक खुणेला अधिक महत्त्व येते.

या खुणांत ओतकामाच्या तारखा विशेष उपयोगी पडतात. शेवरोलेच्या इंजिनाचा ठोकळा ज्या दिवशी ओतला गेला तो दिवस त्यावर उमटलेला असतो, ज्यात जानेवारीसाठी ‘ए’, फेब्रुवारीसाठी ‘बी’ या क्रमाने महिन्याचे अक्षर, त्यापुढे दिनांक आणि वर्षाचा आकडा येतो. गाडी एका विशिष्ट आठवड्यात बांधली गेली असेल तर तिचे इंजिन, मागचा आस, कार्ब्युरेटर आणि काचा यांच्यावरील तारखा त्या आठवड्याच्या थोड्या आधीच्या असल्या पाहिजेत, हा या तपासाचा साधा पण भक्कम नियम आहे. त्यानंतरची तारीख आढळली की तो भाग बदललेला आहे हे निर्विवाद ठरते, आणि फार आधीची आढळली तर शंका घेण्यास जागा उरते. दाराच्या काचांवरील संकेत एका बाजूस जुळत असून दुसऱ्या बाजूस जुळत नसतील, तर त्या बाजूस अपघात झाला असण्याची शक्यता पडताळून पाहावी लागते.

कागद आणि क्रमांक कितीही चोख असले तरी पत्रा शिल्लक नसेल तर गाडी उरत नाही, आणि अमेरिकन गाडीच्या पत्र्याचा इतिहास हा रस्त्यावरील मिठाचा इतिहास आहे. हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ पसरण्याचा प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये केला आणि युद्धानंतर उत्तरेकडील राज्यांत ही प्रथा सार्वत्रिक झाली. मोटारींची राजधानी असलेल्या डेट्रॉईट शहराखाली तर १९१० मध्ये सुरू झालेली मिठाची प्रचंड खाण आहे. याचा परिणाम म्हणून ईशान्य आणि मध्य-पश्चिमेकडील गाड्या खालून कुजल्या, तर ॲरिझोना, न्यू मेक्सिको व दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतील गाड्यांचा पत्रा टिकला, मात्र उन्हाने त्यांचा रंग, रबर आणि आसने करपली. म्हणून गाडी कोणत्या राज्यात वाढली हा प्रश्न तिच्या किमतीइतकाच महत्त्वाचा मानला जातो. स्वतंत्र चासीवर बॉडी बसवलेल्या गाडीत चासीचे मागचे वळण आणि बॉडी टेकवण्याचे आधार पाहावे लागतात. मस्टँगसारख्या, जिच्यात बॉडीच चासीचे काम करते अशा गाडीत, तळपत्रा, दाराखालील पेटीसारखे पोकळ पट्टे आणि समोरच्या काचेखालील हवेच्या वाटेचा पत्रा यांवर सर्व बळ अवलंबून असते, आणि हा शेवटचा भाग कुजला की पाणी आत झिरपून पुढच्या आसनांखालची जमीन खाते. काचतंतूंच्या बॉडीमुळे कॉर्व्हेट गंजत नाही हा समजही फसवा आहे, कारण तिच्या काचेभोवतालचा आतला सांगाडा पोलादी असतो.

रंगाची पारख ही पत्र्याच्या पारखीपासून वेगळी काढता येत नाही, कारण नवा रंग बहुधा पुट्टी झाकण्यासाठीच दिलेला असतो. ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा लवकर सुकणारा लॅकर रंग १९२३ मध्ये ओकलंड गाड्यांवर आला आणि जनरल मोटर्सने पुढची अनेक दशके लॅकरच वापरला, तर फोर्ड व क्रायस्लर यांनी भट्टीत पक्का केलेला इनॅमल रंग पत्करला. जुना लॅकर बारीक रेषांनी तडकतो व वारंवार पॉलिश केल्याने कडांवर विरळ होऊन खालचा थर दाखवतो. इनॅमल त्यामानाने चिवट राहतो पण निस्तेज होतो. रंगाची जाडी मोजणारे उपकरण लावले असता सर्वत्र पातळ, जवळजवळ एकसारखे मोजमाप येणे ही मूळ रंगाची खूण असते, तर एकाच जागी ते अनेक पटींनी वाढणे ही खाली भराव असल्याची. अंतर मोजणाऱ्या एकट्या मीटरवर मात्र विसंबता येत नाही, कारण त्या काळातील बहुतेक अमेरिकन गाड्यांच्या मीटरला पाचच घरे असल्याने ९९,९९९ मैलांनंतर आकडे पुन्हा शून्यावर येत. १९७२ च्या संघराज्यीय कायद्याने मीटर मागे फिरवण्यास बंदी घालून अंतर लेखी कळवणे बंधनकारक केले, पण दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना पुढे लेखी कळवण्यातून सूट मिळाली. त्यामुळे ब्रेकच्या पॅडलवरील रबराची झीज, दाराच्या बिजागरीतील सैलपणा, चालकाच्या आसनाची बसलेली कड आणि जुन्या सर्व्हिसच्या चिकटपट्ट्या ही मीटरची साक्ष पडताळून पाहण्याची साधने ठरतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या साऱ्या अभ्यासाचे रूपांतर मूल्यविचारात झाले. इलिनॉयमधील ‘ब्लूमिंग्टन गोल्ड’ या कॉर्व्हेट मेळाव्याने १९९० च्या सुमारास न उलगडलेल्या गाड्यांसाठी ‘सर्व्हायव्हर’ हा सन्मान सुरू केला आणि अँटिक ऑटोमोबाइल क्लबनेही मूळ वैशिष्ट्ये राखलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग मान्य केला. फिलाडेल्फियातील मेंदूशल्यविशारद डॉ. फ्रेडरिक सिमिओन यांनी आपल्या संग्रहालयातून आणि २०१२ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथातून, मोटारगाडीला चित्र किंवा प्राचीन फर्निचर यांच्या बरोबरीने जतनाचे नियम लागू केले पाहिजेत, असा आग्रह धरला. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिन सनद वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर २०१३ मध्ये मान्य झाली, आणि २०१४ मध्ये सिमिओन यांच्याच संग्रहालयातील १९६४ ची शेल्बी कोब्रा डेटोना कूप ही अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत दाखल होणारी पहिली गाडी ठरली. पेबल बीच येथे २०२४ मध्ये सर्वोच्च पारितोषिक प्रथमच जतनवर्गातील गाडीला, १९३४ च्या एका बुगाटीला, मिळाले. ती गाडी फ्रेंच असली तरी निर्णय अमेरिकन स्पर्धेतला होता, आणि १९५५ मध्ये जेथून झळाळीची प्रतिष्ठा सुरू झाली त्याच हिरवळीवर तो झाला, हे या इतिहासात विसरता येणार नाही.

मूळ स्थिती आणि चांगली स्थिती या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मात्र नेब्रास्कातील पिअर्स या छोट्या गावाने सर्वांना शिकवले. तेथील लँब्रेक्ट शेवरोले हे दुकान १९४६ पासून १९९६ पर्यंत चालले आणि त्याने न विकल्या गेलेल्या नव्या गाड्या तसेच बदल्यात आलेल्या जुन्या गाड्या साठवून ठेवल्या. सप्टेंबर २०१३ मध्ये सुमारे पाचशे वाहनांचा लिलाव झाला तेव्हा हजारो लोक त्या गावी लोटले आणि केवळ १.३ मैल चाललेला १९५८ चा शेवरोले कॅमिओ पिकअप १ लाख ४० हजार डॉलरला गेला. तरीही तेथील अनेक वाहने वर्षानुवर्षे उघड्यावर उभी राहिल्याने तळापासून कुजलेली होती. मीटरवरचा अल्प आकडा त्यांना वाचवू शकला नाही. न चालवलेल्या गाडीत ब्रेकच्या तेलात ओलावा शिरून चाकांतील सिलिंडर जाम होतात, टाकीतील पेट्रोल घट्ट चिकट थरात बदलते, रबरी सील कडक होतात आणि इंजिनातील रिंगा भिंतींना चिकटतात. वापराने झीज होते तशीच निष्क्रियतेनेही होते, आणि दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

इंटरनेटवरील विक्रीने या पारखीची कसोटी अधिक कठीण केली. २००० च्या सुमारास ईबे कंपनीने मोटारींचा स्वतंत्र विभाग उघडला आणि २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रिंग अ ट्रेलर’ या संकेतस्थळाने २०१४ पासून स्वतःचे लिलाव भरवले, जेथे एका गाडीची शंभराहून अधिक छायाचित्रे आणि बोली लावणाऱ्यांचे प्रश्न सर्वांसमोर येतात. छायाचित्र रंगाची छटा, आसने आणि पट्ट्यांवरील संकेत चांगले दाखवते. परंतु ओल्या पत्र्यावरील रंग ताजा भासतो, दुरून घेतलेल्या चित्रात पुट्टी लपते आणि गाडीचा तळ कित्येकदा दाखवलाच जात नाही. म्हणून अनुभवी ग्राहक गाडी उचलून घेतलेली तळाची चित्रे, डिकीतील गालिचा उचलून दाखवलेला पत्रा, सर्व पट्ट्यांची व इंजिनावरील ठशांची जवळून घेतलेली छायाचित्रे, थंड इंजिन सुरू करतानाचे ध्वनिचित्रण आणि मालकीहक्काच्या दाखल्यावरील क्रमांक मागतो, आणि त्या भागातील त्रयस्थ तपासनिसाकडून प्रत्यक्ष पाहणी करून घेतो. दाखल्यावरील क्रमांक आणि गाडीवरील क्रमांक यांत एका आकड्याचाही फरक असेल तर व्यवहार तेथेच थांबवणे शहाणपणाचे असते, कारण ओळख क्रमांक बदलणे किंवा काढणे हा १९८४ पासून संघराज्यीय गुन्हा आहे.

मोल ठरवताना सर्वांत नाजूक निर्णय असतो तो काय बदलायचे आणि काय राखायचे याचा. सुरक्षेच्या बाबतीत तडजोड करण्यास कोणताही जतनवादी सांगत नाही. १९६७ पूर्वीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत ब्रेकची एकच तेलवाहिनी असल्याने एक सिलिंडर फुटला तरी सर्व ब्रेक निकामी होतात, म्हणून नळ्या, रबरी पाइप, टायर आणि विजेच्या उघड्या पडलेल्या तारा बदलणे आवश्यकच ठरते. परंतु काढलेला प्रत्येक मूळ भाग नावाच्या चिठ्ठीसह जपून ठेवणे आणि केलेल्या कामाची लेखी नोंद गाडीसोबत देणे ही आज चांगल्या मालकाची खूण समजली जाते. रंग आणि आसने यांच्या बाबतीत मात्र घाई करू नये, कारण संपूर्ण जीर्णोद्धाराचा खर्च सामान्य गाडीच्या अंतिम किमतीहून सहज अधिक होतो आणि त्या खर्चाच्या मोबदल्यात जे हरवते ते कोणत्याही पैशाने परत मिळत नाही. गंज रोखणे, मळ हलक्या हाताने काढणे आणि पुढील झीज थांबवणे एवढ्यावर थांबता येणे, हेच मूळ गाडी विकत घेणाऱ्याचे खरे कौशल्य आहे.

या विषयाचा मुंबईशीही प्रत्यक्ष संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जहाजाने आणलेल्या भागांतून शेवरोले गाड्या जुळवण्यास सुरुवात केली आणि तो कारखाना १९५४ पर्यंत चालला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या नावांची वाहने तयार झाली. त्यामुळे मुंबईत आढळणाऱ्या जुन्या अमेरिकन गाडीवरील पट्ट्या व क्रमांक अमेरिकेतील कोष्टकांवरून थेट वाचता येतीलच असे नाही, आणि स्थानिक जुळणीच्या खुणा हा तिच्या इतिहासाचाच भाग मानला पाहिजे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनासाठी ‘व्हीए’ ही स्वतंत्र नोंदणी मालिका आणली आणि त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे, त्याच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट घातली. अमेरिकन हौशी मंडळींना जे सूत्र गवसायला अर्धे शतक लागले, ते भारतात अशा रीतीने कायद्याच्या भाषेतच आले आहे.

मूळ स्थितीतील गाडीची किंमत ठरवणे म्हणजे तिच्यात किती पुरावा शिल्लक आहे, तो किती विश्वसनीय आहे आणि तो आणखी किती काळ टिकवता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे होय. विक्रेत्याचे वर्णन, चकाकता रंग किंवा मीटरवरील आकडा यांपैकी एकही साक्ष एकट्याने पुरेशी नसते. परंतु ओळख क्रमांक, पट्ट्या, ओतकामाच्या तारखा, पत्रा, रंग आणि कागद या सर्व साक्षी एकमेकींना दुजोरा देतात तेव्हा त्या गाडीचे मोल बोलीने ठरण्याआधीच सिद्ध झालेले असते. जीर्णोद्धार केलेल्या गाडीचा पुन्हा जीर्णोद्धार करता येतो, मात्र एकदा उलगडलेली मूळ गाडी पुन्हा मूळ होत नाही. म्हणून अशी गाडी विकत घेणाऱ्याने स्वतःला तिचा अंतिम मालक न मानता पुढील अभ्यासकांसाठी तिचा पुरावा सांभाळणारा विश्वस्त मानावे, हाच या व्यवसायाच्या इतिहासाने दिलेला सर्वांत ठोस धडा आहे.